द्राक्षाचा वाण : बेटावरचा आणि आपल्याकडचा



गटसभांमधून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. उसाला पाणी पुरत नाही, दर चार-पाच वर्षांनी मांजरा धरण तळ दाखवते, मग आपल्याकडे द्राक्षे लावून वाइनचा कारखाना का काढू नये? नाशिकवाले करतात, अकलूजवाले करतात, आपणच काय घोडे मारले? प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, ते ज्याने पाहिले त्याच्या मनात असा विचार येणारच. म्हणून या अंकात आम्ही या विषयाची थोडी फोड करून सांगणार आहोत. माळकरी सभासदांनी रागावू नये. येथे पिण्याची शिफारस नाही, पिकाचा हिशेब आहे.

आधी वाइन म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्याकडे आसवनीचा धूर दिसला की सगळेच एका मापाने मोजले जाते. आसवनीत मळी पातळ करून तिला यीस्ट लावतात, ती आंबली की त्यात आठ-दहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होतो आणि मग उष्णतेने तो वेगळा काढतात. वाइनमध्ये हे शेवटचे काम नाही. द्राक्षे चिरडायची, रस आंबवायचा, गाळायचा, मुरवायचा. भट्टी नाही की ऊर्ध्वपातन नाही. द्राक्षाच्या रसात जेवढी साखर, तेवढाच मद्यार्क. एक टक्का मद्यार्काला लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर लागते. म्हणजे रसाचा ब्रिक्स बावीसच्या पुढे गेला की बारा ते तेरा टक्क्यांची वाइन होते. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर उसाचा ब्रिक्स पाहण्याची सवय असलेल्या आपल्या सभासदाला हे वेगळे शिकवायला नको.

फरक पुढे आहे. उसात आपण फक्त साखर मोजतो. साखर जितकी जास्त तितका उतारा चांगला, बाकी सगळे गौण. वाइनच्या द्राक्षात साखरेइतकाच आंबटपणा मोलाचा असतो. आंबटपणा नसेल तर वाइन मिळमिळीत लागते आणि टिकतही नाही. आता अडचण अशी की ऊन वाढले की द्राक्षातली साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी घेतली तर माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, नेमका उन्हाच्या तोंडावर. वाइन करणारे यासाठी सप्टेंबरातच छाटणीची घाई करतात आणि पहाटे, दिवा लावून तोडणी करतात. घड थंड असतानाच तो कारखान्यात गेला पाहिजे. उसाला तोडणीनंतर दिवस लागले तर वजन घटते आणि उतारा पडतो, हे आपण सोसतो. द्राक्षाला तेवढीही सवलत नाही, तासांचा हिशेब असतो. वाइनरी बागेच्या बांधाला हवी असे म्हणतात ते यामुळेच.

एवढे समजले की वाणाचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते खरी गोम तिथेच आहे.

युरोपात ग्रीस नावाचा देश आहे, त्याच्या दक्षिणेच्या समुद्रात सांतोरिनी नावाचे एक बेट आहे. सुमारे ७६ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या एका तालुक्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी फुटला आणि बेटाचा मधला भाग समुद्रात गेला. उरला तो राखेचा आणि सच्छिद्र हलक्या दगडाचा कडा. पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर थेंब नाही. नदी नाही, ओढा नाही. आणि वारा असा की मांडवावर वेल चढवली तर मांडवासकट उडेल. अशा जागी शेकडो वर्षे द्राक्षे पिकतात, आणि तीही पाणी न देता.

ते कसे करतात हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. डोक्यावर हंडा घेताना बायका चुंबळ करतात ना, तशी मोठी चुंबळ वेलीच्या काड्यांची करून ती जमिनीवरच ठेवायची. दरवर्षी छाटणीच्या वेळी नव्या काड्या त्याच गोलात विणत जायच्या. काही वर्षांत टोपल्यासारखा आकार होतो. घड या टोपल्याच्या आत, पानांच्या सावलीत धरतात. बाहेर वारा वाळू फेकत असतो आणि आत घड सुरक्षित असतो. तिथले लोक या बांधणीला ‘कुलूरा’ म्हणतात. रात्री समुद्रावरून येणारे दव आणि धुके तो हलका दगड स्पंजासारखे शोषून घेतो आणि दिवसा वेलीला पुरवतो. दोन वेलींत अंतर भरपूर सोडलेले असते, कारण एका वेलीला लागणारी ओल गोळा करायला तेवढे रान हवे.

पन्नास-पाऊणशे वर्षांनी टोपले म्हातारे झाले, माल घटला, की खोड जमिनीलगत कापतात आणि जुन्या मुळावर नवा फुटवा धरतात. हा वेलीचा खोडवाच म्हणा ना! फक्त आपला खोडवा दोन-तीन वर्षांत संपतो, आणि त्यांचा पाऊणशे वर्षांनी एकदा घेतात. त्यामुळे वर दिसणारी वेल कमी वयाची असली तरी खालची मुळे शे-दोनशे वर्षांची असतात. हे जमते याला आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा नावाच्या मुळावरच्या किडीने जवळपास सगळ्या युरोपातल्या बागा खाल्ल्या. पुढे लोकांना अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलमे करून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. सांतोरिनीच्या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाहीच, त्या राखेत ही कीड टिकली नाही. तिथल्या वेली आजही आपल्याच मुळांवर उभ्या आहेत.

बेटाचा मुख्य वाण ‘असिर्तिको’. पांढरे द्राक्ष, बियांचे, टेबलावर ठेवायला काही देखणे नाही. पण त्याचा एक गुण असा आहे की उन्हाने तापलेल्या रानातसुद्धा त्याचा आंबटपणा उतरत नाही. साखर चढते आणि आंबटही राहते. वर आम्ही जी अडचण सांगितली तिचे उत्तर त्या वाणाच्या अंगातच आहे. तो कोणी प्रयोगशाळेत काढला नाही. शेकडो वर्षे ज्या वेली त्या उन्हावाऱ्यात तगल्या, त्यांच्याच काड्या शेतकऱ्यांनी पुढे लावल्या. जोडीला अथिरी, आयदानी हे आणखी दोन पांढरे वाण, आणि थोडी काळी द्राक्षे. याच घडांना दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून, मनुक्याकडे झुकले की रस काढतात आणि तो किमान दोन वर्षे लाकडी पिंपांत मुरवतात. ही गोड वाइन ‘विनसांतो’ नावाने जगभर महाग विकली जाते.

बेटावर घरच्या घरी चालवलेल्या वाइनरी आहेत. आर्गिरोस घराण्याची वाइनरी १९०३ साली सुरू झाली, आज चौथी पिढी ती पाहते. बाहेरचे नावाजलेले वाण आणून लावण्याच्या मोहात हे लोक फारसे पडले नाहीत. शे-दीडशे वर्षांच्या वेली राखल्या, त्याच द्राक्षाची वाइन नीट केली आणि गावाचे व वाणाचे नाव बाटलीवर छापले. वेलीला एकरी उत्पन्न किती? ऐकून हसू येईल. एकरी एक टनाच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. ते लोक टनावर जगत नाहीत, नावावर जगतात.

पण सगळे आलबेल आहे असे समजू नये. हॉटेलांनी जमिनीचा भाव असा चढवला की द्राक्षाखालचे रान कमी कमी होत गेले. २०२३ आणि २०२४ च्या हंगामांत उष्णता आणि अवर्षण यांनी पीक फार घटले, द्राक्षाचा भाव अनेक पटींनी चढला, तरी विकायला माल नाही अशी स्थिती आली. ज्यांनी कधी पाणी दिले नाही त्या बेटावर आता पाणी द्यावे की काय यावर चर्चा चालू आहे. टिकाऊ वाण असला म्हणून निसर्गाशी करार होत नाही.

आणि आपल्या सभासदांना जी गोष्ट सगळ्यांत जवळची वाटेल ती अशी की या बेटावर शेतकऱ्यांचा सहकारी संघही आहे. तो १९४७ साली स्थापन झाला. आपल्या प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा, म्हणजे दोन्ही चळवळी जवळजवळ एकाच वयाच्या. एक-दोन बिघ्यांचा द्राक्षवाला स्वतःची वाइनरी काढू शकत नाही, तो आपला माल संघाच्या वाइनरीत घालतो. द्राक्षाबरोबर बेटावरचा छोटा टोमॅटो आणि तिथली डाळ यांचाही व्यापार संघ करतो.

आता आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्राला द्राक्ष नवीन नाही. दौलताबादची द्राक्षे जुन्या काळापासून नावाजलेली होती. निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेत अनाबेशाही हा वाण आला आणि पुढे दक्षिणेत सगळीकडे पसरला. मग बिनबियांचे थॉमसन आले आणि त्याने बाकीच्यांना मागे टाकले. गंमत पुढेच आहे. थॉमसनच्या बागेत फिरताना काही चाणाक्ष शेतकऱ्यांच्या नजरेला एखादीच काडी वेगळी दिसली. मणी लांब, रंग निराळा. दुसऱ्या कोणी तोडून टाकली असती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी अशाच निवडीतून ‘सोनाका’ हा लांब मण्यांचा वाण दिला, आणि किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून ‘शरद सीडलेस’. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी ‘तास-ए-गणेश’ दिला. हे कोणी शास्त्रज्ञ नव्हते, बागायतदार होते. आणि नान्नज म्हणजे काही पाण्याचा सुकाळ असलेला मुलूख नव्हे. माळढोकाचे अभयारण्य ज्या गावाच्या माळावर आहे, तो माळ कसला असेल हे सांगायला नको. आज राज्यातल्या हजारो एकरांवर या घरगुती निवडीची द्राक्षे उभी आहेत.

मग याच द्राक्षांची वाइन का करू नये? इथे बरेच जण फसतात. हे वाण खाण्यासाठी निवडले गेले. लांब मणी, पातळ साल, बी नाही, आंबटपणा कमी. ग्राहकाला जे हवे ते सगळे यांत आहे, आणि वाइनला जे हवे ते नेमके नाही. तांबड्या वाइनचा रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल व बी यांतून. सालच पातळ आणि बीच नाही, तर येणार कुठून? पांढरी स्वस्त वाइन होते, पण तिला नाव होत नाही. म्हणून महाराष्ट्रात वाइनच्या बागा लावताना युरोपातले वाण आणावे लागले.

अकलूजचे उदाहरण सभासदांनी समजून घेण्यासारखे आहे. अकलूज म्हणजे सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटलांचे गाव, उसाच्या पट्ट्याचे नाक. त्याच घराण्यातले अर्जुनसिंह व रणजितसिंह हे दोन भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू अशा तीन घरांच्या भावांनी २००६-०७ च्या सुमारास माळशिरस तालुक्यात वाइनरी उभारली. नावही ‘फ्रातेल्ली’, इटालियन भाषेत भाऊ. फ्रान्समधून कलमे आणली, मोटेवाडी, गारवाड, निमगाव या भागांत सुमारे २४० एकरांवर लावली, आणि इटलीतल्या टस्कनीहून पिएरो मासी नावाचा अनुभवी वाइनकार आणला. त्या टस्कनीचा गावरान वाण सांजोव्हेझे आज सोलापूर जिल्ह्याच्या मुरमाड रानात फळतो आहे. काम मोठ्या कष्टाचे आहे, यात शंका नाही. पण हेही ध्यानात घ्यावे की भांडवल, कलमे, माणूस आणि बाजार हे सगळे हाताशी असताना ते उभे राहिले. बाग आणि कारखाना एकाच मालकीचे. दहा एकरांच्या शेतकऱ्याने त्याची नक्कल करायची म्हटले तर त्याच्याकडे फक्त बाग असते.

आणि फक्त बाग असली की काय होते हे राज्याने पाहिले आहे. २००१ साली शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी खाण्याच्या बागा मोडून वाइनचे वाण लावले. कंपन्यांशी करार झाले. पुढे २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, वाइनचा उठाव थांबला. कारखान्यांनी माल घेणे बंद केले, काहींनी घेतलेल्या मालाचे पैसे थकवले, अनेक वाइनरींना कुलूप लागले. वाइनचे द्राक्ष आकाराने लहान, बियांचे, चवीला आंबट-गोड. मंडईत ते कोण घेणार? शेतकऱ्यांनी कुऱ्हाडी लावल्या, नाहीतर त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या वाणाची कलमे बांधली.

उसाचा भाव कमी मिळतो, बिल उशिरा मिळते, म्हणून आपण गटसभेत आवाज चढवतो, आणि तो चढवावाच. पण उसाला कायद्याचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर पंधरा टक्के व्याज. किमान भाव केंद्र सरकार जाहीर करते. शिवाय कारखान्याचा भागधारक म्हणून सभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. वाइनच्या द्राक्षाला यातले काहीच नाही. करार म्हणजे एक कागद, आणि समोरची कंपनी दिवाळ्यात गेली की तो कागद चुलीत घालण्याच्या लायकीचा. आम्हांला वाटते, सांतोरिनीच्या छोट्या शेतकऱ्याला वेलीने जितके जगवले तितकेच त्याच्या संघाने.

पाण्याचा हिशेबही करू. उसाला सगळा हंगाम मिळून दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. ठिबकवरची द्राक्षबाग त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात भागते. हे खरे. पण ऊस एखादे आवर्तन चुकले तर वाळतो, पिवळा पडतो, टनेज घटते, तरी काहीतरी उभे राहते. द्राक्षाला फुलोऱ्यात आणि मणी फुगताना पाणी चुकले तर हंगाम गेला. पाणी कमी लागते याचा अर्थ पाणी बेभरवशाचे चालते असा नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे ऐन टंचाईत, बागेला पाणी हवेच असते. त्याच काळात आपल्या विहिरी आणि बोअर कोरडे पडतात.

जमिनीचे म्हणाल तर गोदावरी-मांजराकाठची काळी भारी जमीन, जिथे नांदेडकडे केळी आणि ऊस हिरवेगार दिसतात, ती द्राक्षाला सोयीची नाही. पाणी साचले की मुळे कुजतात, पानांवर केवडा येतो. औसा-किल्लारी भागात आणि शेजारच्या तुळजापूर तालुक्यात ज्या बागा दिसतात, तिकडची हलकी, निचऱ्याची, मुरूम लागणारी जमीन द्राक्षाला मानवते. जिथे क्षार आहेत तिथे ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात, तोही अमेरिकन जंगली वेलीचाच वंश. आणि गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात ज्या गारा पडल्या त्या कोणी विसरलेले नाही. गारेने ऊस फाटतो, पण उभा राहतो. द्राक्षाचा तर सगळा हंगाम त्या एका दुपारीत मातीत जातो.

आमचे मत विचाराल तर वाइनसाठी द्राक्ष लावण्याची घाई आपल्या कार्यक्षेत्रात कोणी करू नये. खाण्याच्या द्राक्षाला मंडई आहे, बेदाण्याला बाजार आहे. ज्याच्याकडे हलके रान आणि खात्रीचे पाणी आहे त्याने ऊस थोडा आवरून एखादा एकर बाग करून पाहायला हरकत नाही. लावण्यापूर्वी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. पुण्याजवळ मांजरीला केंद्र सरकारचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेथील सल्ला घेतल्याशिवाय रोपवाटिकावाल्याच्या शब्दावर कलमे आणू नयेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ नावाचा एक संकरित वाण काढला आहे. तो अमेरिकन आणि युरोपीय जातींच्या संकरातून आलेला असून रसालाही चालतो आणि तांबड्या वाइनलाही. वाइनचा उठाव नसेल तर रस करता येतो, ही त्यातली सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शेवटी नान्नजकडे पुन्हा वळावेसे वाटते, कारण ती गोष्ट उसालाही लागू आहे. कोइमतूर, पाडेगाव आणि मांजरी येथून आपल्याला वाण मिळतात. को ७४० गेला, को ८६०३२ आला, पुढे फुले २६५ आला. पण उसाचा प्लॉट आपण रोज पाहतो. दुष्काळाच्या वर्षी सगळे रान करपले असताना एखादे बेट हिरवे राहते, एखाद्या बेटाला तुरा येत नाही, एखाद्याला काणी लागत नाही. तोडणी टोळी आली की तेही मोळीत जाते. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपण जपलेला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. तेव्हा असे बेट दिसले तर त्याला चिंधी बांधावी, टोळीच्या मुकादमाला आधी सांगून ते तोडू देऊ नये, आणि गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला दाखवावे. त्याचे बेणे वेगळ्या सरीत लावून, शेजारी नेहमीचा वाण ठेवून, लावण आणि दोन खोडवे अशी तीन वर्षे वजन आणि ब्रिक्स लिहून ठेवावा. बहुतेक वेळा पाइपाची गळती किंवा खताची गोणी तिथे सांडली होती असेच निघेल. एखाद्या वेळी तसे निघणार नाही.